सासूबाईंसाठी मेडिकल मारिवानाची केअरगिव्हर झाले (पेनसिल्व्हेनिया): माहिती, अनुभव, प्रश्न

अबोली_फिली

आपल्या लोकांत या विषयावर कोणी उघड बोलत नाही आणि गरज पडली की रात्री दोन वाजता गूगल करत बसावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितेय. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

सासूबाईंना (वय 73) केमोनंतर न्यूरोपॅथी (नसांचं दुखणं) झालीय. तळपायांना सतत मुंग्या आणि आग, रात्री पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. गॅबापेंटिन झालं, ड्युलोक्सेटिन झालं, एकाने दिवसभर गुंगी आणि दुसऱ्याने मळमळ, वजन तर आधीच उतरलेलं. शेवटी ऑन्कॉलॉजिस्टनीच विषय काढला की या राज्यात मेडिकल मारिवाना (औषध म्हणून गांजा) कायदेशीर आहे, कॅन्सर आणि न्यूरोपॅथी दोन्ही यादीत आहेत, विचार करा. आईंचे (मी त्यांना आईच म्हणते) हात थरथरतात, बाटलीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, गाडी चालवत नाहीत. म्हणजे कार्ड त्यांच्या नावाचं झालं तरी दुकानात जाणं, आणणं, मोजून देणं हे सगळं दुसऱ्या कोणीतरी करायला हवं, आणि ज्याच्याकडे कार्ड नाही अशा माणसाने ते केलं तर तो गुन्हा होतो. त्यासाठीच केअरगिव्हर ही सोय आहे.

कायदा 2016 चा, ॲक्ट 16 म्हणतात. केअरगिव्हर 21 च्या वरचा आणि पेनसिल्व्हेनियाचा रहिवासी लागतो, बोटांचे ठसे देऊन बॅकग्राउंड चेक होतो, आणि गेल्या पाच वर्षांत ड्रग्ज विकल्याबाळगल्याचा गुन्हा शाबीत झालेला असेल तर अर्ज फेटाळतात. एका पेशंटला जास्तीत जास्त दोन केअरगिव्हर ठेवता येतात. आधी आईंची नोंदणी आरोग्य खात्याच्या रजिस्ट्रीत केली, त्याला इथलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी लागतो. मग खात्याकडे रजिस्टर असलेल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेशन. हे प्रिस्क्रिप्शन नव्हे हं, यांना यादीतला आजार आहे एवढंच प्रमाणपत्र. मग 50 डॉलर फी (मेडिकेड, स्नॅप वगैरे कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत असेल तर सवलत आहे) आणि मग कार्ड. माझी केअरगिव्हर म्हणून नोंदणी वेगळी, ती आईंच्या रजिस्ट्रीशी जोडायची.

आता मुख्य मुद्दा. सगळे धरून चालले होते की मुलगाच केअरगिव्हर होणार. पण नवऱ्याची नोकरी डिफेन्स काँट्रॅक्टरकडे, सिक्युरिटी क्लिअरन्सची (गुप्त सरकारी कामासाठी केंद्राची परवानगी लागते तशी). राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा वेगळा आहे आणि क्लिअरन्सवाले केंद्राचा कायदा बघतात, त्यांना जवळ बाळगणं आणि दुसऱ्याला देणं सुद्धा चालत नाही, स्वतः घेतलं नाही एवढं पुरत नाही. म्हणून माझं नाव लावलं. मी सिटिझन आहे, माझ्या नोकरीत ही अट नाही, आणि आईंच्या औषधांचं तसंही मीच बघते. ज्यांच्या घरी हा विचार चालू असेल त्यांनी फॉर्म भरायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं इमिग्रेशन स्टेटस आणि नोकरी कागदावर मांडा, आणि मग नाव ठरवा. जवळचं कोण यापेक्षा कुणाला यातून कमी धोका हे बघा.

डिस्पेन्सरी (हे औषध विकणारं दुकान) म्हणजे काहीतरी काळोखी जागा असेल अशी माझी समजूत होती, पण ती फार्मसी आणि बँक यांच्या मधलं काहीतरी आहे. दारात कार्ड स्कॅन होतं, पहिल्या वेळी फार्मासिस्टशी बोलणं होतं. मी आईंच्या सगळ्या औषधांची यादी नेली होती, ती त्यांनी ओळ न ओळ वाचली. आईंना धूर नको होताच, आणि या राज्यात ओढायला परवानगीही नाही. गोळ्या, तेल, टिंक्चर (ड्रॉपरने घ्यायचा पातळ अर्क), मलम, व्हेपसाठी (न जाळता वाफ घ्यायला) सुकं पान असे प्रकार मिळतात. आम्ही टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) सारख्या प्रमाणात असलेलं टिंक्चर घेतलं. इन्शुरन्स एक पैसा देत नाही, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) पण नाही, क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. रोख किंवा डेबिटची तयारी ठेवा.

कायद्याने 90 दिवसांपर्यंतचा साठा घेता येतो पण सुरुवातीला एकच छोटी बाटली घ्या, मानवतंय की नाही ते कळू दे. औषध मूळ पॅकिंगमध्ये लेबलसकट ठेवायचं, आणि ते जवळ असेल तेव्हा कार्ड जवळ पाहिजे. आणि केअरगिव्हरला ते औषध स्वतः घ्यायचा काडीचाही अधिकार नाही, घरात दुसऱ्या कुणाला द्यायचा पण नाही.

विचारा काय विचारायचं ते.

मोगरा_एनजे

अबोली ताई, मनापासून आभार. माझ्या मावशीसाठी आम्ही यातच आहोत, न्यू जर्सीत. इकडे 2010 पासून कायदा आहे पण सोपं झालं ते 2019 च्या जेक होनिग कायद्यानंतर. तो सात वर्षांचा मुलगा होता, ब्रेन ट्यूमर होता त्याला, शेवटच्या दिवसांत महिन्याची मर्यादा संपायची आणि आईवडिलांना पुढचं औषध मिळायचं नाही. त्याच्या नावाने कायदा झाला आणि टर्मिनल पेशंटना ती मर्यादा राहिली नाही. वाचताना रडले होते मी. इकडेही दोन केअरगिव्हर चालतात.

माझा प्रश्न डोसचा आहे. बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेलं असतं आणि ड्रॉपरवर मिलिलिटर. मावशीचे यजमान म्हणतात दोन थेंब टाका. दोन थेंब म्हणजे किती हे कुणालाच माहीत नाही.

अबोली_फिली

मोगरा, थेंब मोजू नका, ड्रॉपर दाबण्यावर थेंब लहानमोठा होतो. फार्मसीत लहान बाळांना औषध द्यायची 1 मिलिलिटरची सिरिंज मिळते (सुई नसलेली), ती घ्या. समजा बाटली 30 मिलिलिटरची आणि त्यात एकूण 300 मिलिग्रॅम टीएचसी, तर एका मिलिलिटरमध्ये 10. आम्हाला डॉक्टरांनी अडीचपासून सुरुवात सांगितली होती, म्हणजे सिरिंजवर पाव मिलिलिटरची रेघ. मी त्या रेघेवर लाल नेलपेंटची खूण केली, म्हणजे घाईत असले तरी चुकायला नको. तुमच्या बाटलीचे आकडे वेगळे असतील, गणित स्वतः करा आणि फार्मासिस्टकडून तपासून घ्या.

जिभेखाली धरलं की साधारण पाऊण तासाच्या आत कळायला लागतं. गिळलं तर एक ते दोन तास लागतात आणि असर सहा-आठ तास राहतो, कारण ते लिव्हरमधून जातं आणि तिथे त्याचं जे रूप होतं ते जास्त जोरदार असतं. धोका इथेच आहे. तासाभरात काही वाटलं नाही म्हणून माणूस अजून घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. आमच्याकडे ठरलेलं आहे, एकदा दिलं की त्या रात्री परत नाही, आईंनी कितीही सांगितलं तरी नाही.

आणि वही ठेवा. माझ्या मते केअरगिव्हरचं खरं काम ते आहे, दुकानातून आणणं हा त्यातला सोपा भाग. एका पानावर वेळ, किती मिलिग्रॅम, देण्याआधी दुखणं दहापैकी किती, दोन तासांनी किती, झोप कशी लागली, उठल्यावर तोल जातोय का, जेवल्या का, पोट साफ झालं का. वहीमुळे आम्हाला कळलं की पायांची आग फार कमी झालेलीच नाही, पण आई सलग झोपायला लागल्यात आणि झोप झाली की दिवसाचं दुखणं त्यांना पेलतं. ऑन्कॉलॉजिस्टना नुसतं "बरं वाटतंय" सांगितलं असतं तर त्यांनी काय निष्कर्ष काढला असता? पान समोर ठेवल्यावर त्यांनी दुपारचा डोस बंद करून फक्त रात्रीचा ठेवला.

दक्षिणकडा

माझी परिस्थिती वेगळी आहे आणि मला भीती वाटतेय. मी एच-1बी वर, बायको एच-4, भाऊ सिटिझन आहे पण तो टेक्सासला. आईबाबा भावाच्या स्पॉन्सरशिपवर ग्रीन कार्डवर आहेत आणि माझ्याकडे फिलीला (फिलाडेल्फियाला) राहतात. बाबांना पार्किन्सन्स, तो यादीत आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले कार्ड काढा, यू विल बी फाइन. काढू का? मीच केअरगिव्हर होणार होतो.

रानवारा

दक्षिणकडा, थांबा. मी इमिग्रेशन लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची सहाय्यक) आहे. वकील नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका, पण फॉर्मवर सही करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, आणि डॉक्टर किंवा डिस्पेन्सरीतल्या माणसाच्या शब्दावर हा निर्णय घेऊ नका. ते चांगल्या मनानेच सांगतात पण त्यांना राज्याचा कायदा माहीत असतो, इमिग्रेशन पूर्ण केंद्राचं.

इमिग्रेशनला राज्याची परवानगी दिसतच नाही. केंद्राच्या कायद्याप्रमाणे कंट्रोल्ड सबस्टन्सचा (कायद्याने नियंत्रित अमली पदार्थाचा) गुन्हा झाला का, एवढंच विचारतात. त्यासाठी खटला चालायला हवा किंवा शिक्षा व्हायला हवी असंही नाही, तुम्ही अधिकाऱ्यासमोर स्वतः कबूल केलंत की हो, मी बाळगलं होतं, तरी प्रवेश नाकारायला ते पुरू शकतं. एप्रिल 2019 मध्ये यूएससीआयएसने (केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने) धोरण स्पष्ट केलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी मारिवानाचा संबंध नॅचरलायझेशनच्या (नागरिकत्व मिळण्याच्या) गुड मॉरल कॅरेक्टर म्हणजे चांगल्या वर्तनाच्या अटीला बाधक ठरू शकतो. एन-400 या नागरिकत्वाच्या फॉर्ममध्ये थेट प्रश्न आहे, तुम्ही कधी कंट्रोल्ड सबस्टन्स बनवलं, वाटलं, दिलं, विकलं का. आता बघा, केअरगिव्हर करतो काय? विकत आणतो, जवळ ठेवतो आणि दुसऱ्याला देतो. पेशंट निदान म्हणू शकतो की स्वतःपुरतं होतं, केअरगिव्हरला तेही म्हणता येत नाही. त्यामुळे एच-1बी किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसाने केअरगिव्हर होणं मला पेशंट होण्यापेक्षाही जास्त जोखमीचं वाटतं.

आणि बाबा दर वर्षी पुण्याला जाऊन येत असतील तर विमानतळावर परत येताना पाकिटातलं कार्ड, फोनमधले बाटलीचे फोटो, व्हॉट्सॲपवरची चर्चा, हे सगळं बघितलं जाऊ शकतं.

शेड्यूल (केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीतला वर्ग) बदललं की सगळं सुरळीत होईल असं लोक म्हणतात. मे 2024 मध्ये शेड्यूल 1 मधून 3 मध्ये आणायचा प्रस्ताव आला तेव्हा आमचे फोन थांबत नव्हते. पण इमिग्रेशन कायद्यात फक्त कंट्रोल्ड सबस्टन्स लिहिलंय, कुठलंही शेड्यूल त्यात येतं. डिस्पेन्सरीतला माल काही त्यामुळे प्रिस्क्रिप्शनचं औषध होत नाही.

दक्षिणकडा

बाप रे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या ऑफिसमध्ये तर फॉर्म हातात देऊन ठेवलाय. मग बाबांसाठी काहीच नाही का?

स्टेथो_आणि_शेवंती

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात त्रास कमी करणारी सेवा) डॉक्टर आहे (राज्य सांगत नाही). दक्षिणकडा, काहीच नाही असं अजिबात नाही. एफडीए मान्य औषधं आहेत जी साध्या फार्मसीत प्रिस्क्रिप्शनवर मिळतात आणि केंद्राच्या कायद्यातही चालतात. ड्रोनॅबिनॉल म्हणजे कृत्रिम टीएचसी, 1985 पासून आहे, केमोच्या मळमळीसाठी आणि एड्सच्या पेशंटची भूक जाते त्यासाठी. एपिडायोलेक्स म्हणजे शुद्ध सीबीडी, 2018 मध्ये मान्य झालं, लहान मुलांच्या ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या अपस्माराच्या प्रकारांसाठी. यातलं काही तुमच्या बाबांना लागू पडेल का हे त्यांचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील, पार्किन्सन्सच्या बाबतीत गांजाचा पुरावा तसा कमजोर आहे हे पण सांगते. त्यांचा मूळ त्रास काय आहे? झोप, ताठरपणा, भास? झोप किंवा भास असतील तर त्यावर आधी करण्यासारखं बरंच असतं. "मला डिस्पेन्सरीचं चालणार नाही, मी ग्रीन कार्डवर आहे, दुसरं काय देता येईल?" हा प्रश्न असाच्या असा डॉक्टरांना विचारा. ते विचारायला लाजू नका.

अबोली, तुमच्या वहीबद्दल वाचून फार समाधान झालं. माझ्या दहा पेशंटमागे एकाकडे अशी वही असती तरी माझं काम निम्मं झालं असतं.

वैनगंगा

मला वेगळं बोलायचंय, राग मानू नका. माझा धाकटा भाऊ नागपूरला या गांजापायी वाया गेला. शिक्षण सुटलं, दोनदा दवाखान्यात भरती केलं, आईने देव पाण्यात ठेवले. आणि इकडे घरोघरी आपल्या हातांनी म्हाताऱ्या माणसांना तेच देतोय आपण आणि त्याला औषध म्हणतोय, हे मला पचत नाही. उद्या हीच पोरं म्हणतील आजी घेते मग आम्ही का नाही.

स्टेथो_आणि_शेवंती

वैनगंगा, राग कसला. तुमच्या घराने जे सोसलंय ते खरं आहे आणि कमी वयात, रोज, जास्त टीएचसी घेतल्याने मानसिक आजार बळावतो हेही खरं आहे. घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रमाचा मानसिक आजार) असेल तर मी टीएचसी सुचवतच नाही.

पण पुरावा कुठे आहे आणि कुठे नाही हे वेगवेगळं बघू. 2017 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी मोठा अहवाल काढला. मोठ्या माणसांचं जुनाट दुखणं, केमोची मळमळ-उलटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, या तीन बाबतींत भक्कम म्हणावा असा पुरावा त्यांना सापडला, बाकी बऱ्याच बाबतींत नाही. कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने, आस्कोने, 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं की नेहमीच्या औषधांनी मळमळ थांबत नसेल तर हा पर्याय वापरता येतो, पण कॅन्सर बरा करायला म्हणून वापरू नका. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "तेलाने गाठ विरघळली" असे मेसेज फिरतात आणि त्यावर विश्वास ठेवून केमो सोडलेले लोक मी बघितलेत.

अडीच मिलिग्रॅम मोजून, वहीत लिहून, रात्री झोपेसाठी, ही एक गोष्ट. तुमच्या भावाला जे झालं ती दुसरी. दोन्हींबद्दल घरात उघड बोललं पाहिजे, मुलांशी सुद्धा.

वैनगंगा

ठीक आहे. मला अजून मनाला पटत नाही पण तुम्ही नीट सांगितलंत. अबोली, कुलपात ठेवता ना निदान?

अबोली_फिली

हो वैनगंगा, आकड्यांचं कुलूप असलेली पेटी आहे, माझ्या कपाटात, आकडा मला माहीत. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्याला सांगितलंय की हे आजीचं कॅन्सरचं औषध आहे, मोठ्यांनी सुद्धा दुसऱ्याचं औषध घ्यायचं नसतं. खोटं सांगितलं नाही. तुमच्या भावासाठी मनापासून प्रार्थना.

आणि सगळ्यांसाठी, चुकून मुलाच्या पोटात गेलं तर वाट बघत बसू नका, पॉइझन कंट्रोल 1-800-222-1222, चोवीस तास. मूल पेंगलं किंवा उठत नसेल तर सरळ 911. कोणी काय म्हणेल याचा विचार त्या वेळी नको.

तिखटमीठ

आमच्या पप्पांना वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू आहे आणि पाठीच्या दुखण्यासाठी मित्राने दिलेलं सीबीडी तेल घेतात, "नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून. हे चालतं का?

स्टेथो_आणि_शेवंती

तिखटमीठ, आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. सीबीडीमुळे लिव्हरमध्ये वॉरफरिन हळू मोडतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफरिन त्यांनी स्वतःहून बंद करू नये, फक्त सांगावं की हे तेल चालू आहे आणि आयएनआर तपासून घ्यावा. तसंच फिट्सचं क्लोबाझम किंवा ट्रान्सप्लांटचं टॅक्रोलिमस चालू असेल तरी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. नैसर्गिक असण्याचा इथे काही संबंध नाही.

वयस्कर माणसांत मला सगळ्यात जास्त भीती पडण्याची वाटते. टीएचसीने उठल्याबरोबर बीपी उतरतं, तोंड कोरडं पडतं म्हणून पाणी जास्त पितात, मग रात्री बाथरूमला उठतात आणि अंधारात तोल जातो. पलंगाजवळ दिवा, आधी दोन मिनिटं बसून मग उठायचं, शक्य असेल तर हाक मारायची.

अबोली_फिली

आमच्याकडे पॅसेजमध्ये सेन्सरचे दिवे लावलेत आणि आईंच्या उशाशी देवघरातली घंटा ठेवलीय, ती वाजली की मी उठते.

सॅनहोजेकर

कॅलिफोर्नियाचं थोडं. इकडे 1996 पासून आहे (प्रॉपोझिशन 215) पण इथे केअरगिव्हर म्हणजे पेशंटच्या राहण्याची, तब्येतीची किंवा सुरक्षिततेची जबाबदारी सातत्याने घेणारा माणूस. 2008 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मेंच खटल्यात सांगितलं की नुसता गांजा पुरवला म्हणून कोणी केअरगिव्हर होत नाही, आधीपासून त्या माणसाची देखभाल तुम्ही करत असायला हवं. मला हा निकाल फार योग्य वाटतो. आमच्या आजोबांच्या शेवटच्या महिन्यात उपयोगी पडला तो रायन्स लॉ, 2022 पासून लागू आहे, टर्मिनल पेशंटला हॉस्पिटलमध्ये सुद्धा हे औषध घेऊ द्यावं लागतं, ओढायचं किंवा व्हेप करायचं नाही एवढंच. बाकी राज्यांत मात्र हॉस्पिटल किंवा नर्सिंग होममध्ये भरती करायच्या आधी त्यांची पॉलिसी विचारा. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या बऱ्याच जागा केंद्राच्या भीतीने नाही म्हणतात, आणि भरतीच्या दिवशी पिशवीत बाटली सापडली की उगाच तमाशा होतो.

मोगरा_एनजे

अजून एक. आमच्यापासून नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. मावशी कधी कधी माझ्या मावसभावाकडे राहायला जाते तिकडे. तिची बाटली गाडीत टाकून नेली तर? तिचंच औषध आहे, कार्ड पण आहे.

रानवारा

नको मोगरा. दोन्ही बाजूंना कायदेशीर असलं तरी मधली हद्द ओलांडली की ते आंतरराज्य वाहतूक होतं आणि तो केंद्राचा विषय. विमानात, आमट्रॅकच्या रेल्वेत, पोस्टाने, कशानेच नाही. मावशी तिकडे दोन-चार दिवस राहणार असेल तर त्या दिवसांचं काय करायचं हे डॉक्टरांशी आधी बोला.

आणि गाडीवरून आठवलं, पेनसिल्व्हेनियात रक्तात टीएचसीचा अंश सापडला तरी डीयूआय (नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा) लागू शकतो, मेडिकल कार्ड असलं तरी. ज्या पेशंटना गाडी चालवायची सवय आहे त्यांना हे स्पष्ट सांगा. अबोलीच्या आई चालवत नाहीत ते एका अर्थी बरंच आहे.

पर्वतीपायथा

मी पुण्यातून वाचतोय. माझी मोठी बहीण न्यू जर्सीत असते, ती दिवाळीला येताना बाबांसाठी (पँक्रियाचा कॅन्सर, दुखणं खूप) असलं टिंक्चर आणणार म्हणतेय. तिकडे कायदेशीर विकत घेतलेलं, बिल असलेलं. आणू दे का?

रानवारा

अजिबात नको. इकडून निघतानाच ती केंद्राचा कायदा मोडेल, आणि मुंबईला उतरल्यावर भारताचा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा (1985). भांगेच्या पानांना त्यात सूट आहे म्हणून लोकांचा गैरसमज होतो, पण टीएचसीचा अर्क देशात आणणं म्हणजे सरळ आयात, त्याला बिल दाखवून काही उपयोग नाही. वाटेत आखाती देशात विमान बदललं तर अजून अवघड. बहिणीला कृपया आजच सांगा.

स्टेथो_आणि_शेवंती

पर्वतीपायथा, तुमच्या बाबांना आत्ता जे हवंय ते पुण्यात आहे. मॉर्फिन. पँक्रियाच्या दुखण्यावर ते टीएचसीपेक्षा कितीतरी जास्त काम करतं. 2014 मध्ये एनडीपीएसमध्ये बदल झाला, मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, 1997 पासून, कॅन्सरच्या पेशंटची सेवा विनामूल्य करतात, घरच्यांनाही शिकवतात. आधी तिथे जा. मॉर्फिन म्हणजे शेवट आला असं घरात कोणी म्हणेल, त्यांना सांगा की दुखणं थांबलं तर बाबा जेवतील आणि बोलतील. या दुखण्यासाठी नर्व्ह ब्लॉक नावाचं इंजेक्शनही असतं, त्याबद्दल पण विचारा.

पर्वतीपायथा

वारजे आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे आणि मला माहीतच नव्हतं. उद्या सकाळी जातो. ताईला फोन केला, ती आणत नाहीये. खूप खूप आभार.

सुपारीबाग

अबोली, आईंना चव आवडत नाही म्हणून टिंक्चर जेवणात घातलं तर चालतं का? इकडे गमीज मिळत नाहीत ना?

अबोली_फिली

सुपारीबाग, इथल्या डिस्पेन्सरीत तयार खाद्यपदार्थ विकत नाहीत, पण पेशंटला घेता यावं म्हणून केअरगिव्हरने घरी अन्नात मिसळायला ॲक्ट 16 मध्ये परवानगी आहे. आई ते कडू तोंडात धरू शकत नव्हत्या. मी चमचाभर श्रीखंडात घालून देते, चरबीत ते नीट विरघळतं. लक्षात ठेवा, मिसळून दिलं की ते गिळलेलं झालं, म्हणजे असर उशिरा आणि लांब, डोसचा विचार त्याप्रमाणे डॉक्टरांशी करा. आणि एका वेळेपुरतं एकाच चमच्यात मिसळायचं, मी समोर उभं राहून तो चमचा संपवून घेते. डब्यात कालवून फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका, घरातलं पहिलं भुकेलं माणूस तो डबा उघडतं.

दक्षिणकडा

अपडेट देतो. वकिलाशी बोललो, रानवारा म्हणाल्या तेच सांगितलं, फॉर्म भरला नाही. न्यूरॉलॉजिस्टना तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. बाबांचा मूळ त्रास रात्री झोपेत हातपाय झाडण्याचा आहे, त्याला वेगळं नाव आहे आणि त्यावर मेलाटोनिनपासून सुरुवात केलीय. आणि वही सुरू केलीय, अबोली ताईंचे रकाने तसेच उचललेत.

अबोली_फिली

फार छान दक्षिणकडा. काही दिवसांनी पुन्हा लिहा.

धाग्यावर शेवटचं एक राहिलं होतं, मला दोघींनी विचारलं की तुला भारतात जावं लागलं तर काय. माझ्या वडिलांचं ऑपरेशन आहे सांगलीला, मला जायचंय. मी नसताना नवऱ्याने ती पेटी उघडायची नाही हे आमचं ठरलेलं आहे, आईंना दिसायचं नाही तर मग देणार कोण? म्हणून नणंदेला दुसरी केअरगिव्हर केलंय. ती ॲलेनटाउनला (पेनसिल्व्हेनियातच) असते, सिटिझन आहे, शाळेत शिकवत नाही की सरकारी नोकरी नाही, हे सगळं आधी बघून घेतलं. ठसे देणं, चेक, मंजुरी याला आठवडे लागतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधीच अर्ज करून ठेवा, गरज पडल्यावर धावपळ करून होत नाही. ती आमच्याकडे राहायला आलीय, सध्या रात्री दोघी मिळून देतो, सिरिंज ती भरते आणि मी बघते, आणि वहीतही आता तीच लिहिते. कार्डं वर्षाची असतात, आईंचं आणि आम्हा दोघींचं, आणि सर्टिफिकेशन पण दर वर्षी नवं लागतं, तारखा कॅलेंडरवर टाकून ठेवा म्हणजे मध्ये खंड पडत नाही.